पायाखालचा नकाशा

दहावीच्या भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत नकाशाचा एक प्रश्न असतो. कोऱ्या नकाशात सांगितलेली ठिकाणे दाखवायची, सूची तयार करायची आणि हमखास गुण पदरात पाडून घ्यायचे, असा त्याचा लौकिक आहे. त्या गुणांची तयारी प्राथमिक शाळेपासूनच सुरू होते. पूर्वी शाळेच्या कपाटात महाराष्ट्राचा रबरी ठसा असे. गुरुजी तो शाईच्या गादीवर दाबून प्रत्येकाच्या वहीत राज्य उमटवीत. आता दप्तरात प्लॅस्टिकचा साचा असतो. त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली की मिनिटभरात महाराष्ट्र तयार होतो. पूर्णा कोठे, तापी कोठे, सातपुडा कोठे, हे मूल न अडखळता दाखवते आणि आईवडील समाधान पावतात.

त्याच मुलाला अंगणात उभे करून विचारावे, ‘आपल्या दारात पडलेले पावसाचे पाणी कोणत्या दिशेला जाते?’ बहुधा मूल गप्प राहते. ज्या पूर्णेचे नाव त्याने वहीत वीस वेळा लिहिले, तिच्याकडेच ते पाणी निघाले आहे, हे त्याच्या ध्यानी येत नाही. नकाशा वहीत राहतो आणि जमीन पायाखाली राहते. दोघांची गाठ पडत नाही. ही गाठ घालून देणे, एवढेच खरे तर प्राथमिक भूगोलाचे काम आहे, आणि ते काम पाठांतराने होत नाही. मुलाने एकदा तरी स्वतःच्या पावलांनी आणि हातांनी नकाशा तयार करावा लागतो.

माहेर अमरावतीचे आणि सासर अकोल्याचे असलेल्या एका शिक्षिकेने ही गोष्ट आपल्या वर्गात अनेक वर्षे करून पाहिली. प्राथमिक शाळेतील त्या एक साध्या बाई. हाताशी प्रयोगशाळा नव्हती, साहित्यासाठी वेगळा पैसा नव्हता. सुतळी, खडू, घमेले, काळी माती आणि शाळेचे पटांगण, एवढ्या भांडवलावर त्यांनी भूगोल शिकवला. तिसरीच्या वर्गात ‘आपला जिल्हा’ शिकवायचा असतो. बाई मात्र जिल्ह्यापासून सुरुवात करीत नसत. त्या टेबलापासून करीत.

टेबलावर जेवणाचा डबा, पाण्याचा पेला, डस्टर आणि एक चप्पल ठेवायची. मुलांनी बाकावर उभे राहून वरून पाहायचे आणि दिसेल तेवढेच काढायचे. पहिल्या दिवशी सगळी मुले पेल्याचे चित्र काढीत. नकाशा कोणीच काढीत नसे. वरून पाहिले तर पेला केवळ एक वर्तुळ आहे, हे डोळ्यांना दिसत असूनही हात मानत नाही. हात सवयीने पेल्याची उंची काढतो. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जागा, ही व्याख्या पुस्तकात एका ओळीत संपते. मुलांच्या हाताला ती पटायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस देण्याची तयारी असली, तर पुढचे पुष्कळ श्रम वाचतात.

यानंतर वर्गाचा नकाशा. दहा मीटर सुतळीला मीटर-मीटरवर गाठी मारून मुले भिंती मोजीत आणि वहीत मीटरऐवजी सेंटिमीटर काढीत. प्रमाण या शब्दाची भीती तेथेच जाई. मग शाळा ते घर हे अंतर पावलांनी मोजायचे. एकाच रस्त्याची एकाची सहाशे पावले, तर दुसऱ्याची आठशे. वर्गात भांडण लागे. कोणाचे खरे, या प्रश्नाचे उत्तर बाई देत नसत. पाऊल कोणाचे किती लांब, हे सुतळीवर मोजून पाहिले की भांडण आपोआप मिटे आणि माप सर्वांना सारखे का असावे लागते, हेही कळून जाई.

अमरावती ते अकोला हा बाईंच्या माहेर-सासरचा रस्ता, म्हणून वर्गाच्या विशेष प्रेमाचा. एका सेंटिमीटरला दहा किलोमीटर या प्रमाणाच्या नकाशावर दोन शहरांत पट्टी ठेवली, तर सुमारे आठ सेंटिमीटर भरतात. पण बस सुमारे ८० किलोमीटरांत पोहोचत नाही; ती शंभराच्या जवळपास चालते. मग मुले शिवणाचा दोरा रस्त्याच्या वळणांवर ठेवीत, तो सरळ करून पट्टीवर मोजीत, आणि पक्ष्याचे अंतर व माणसाचे अंतर यांतला फरक बोटांना कळे. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण होऊन गिनेस विक्रम नोंदला गेला. ती बातमी वर्गात वाचली गेली, तेव्हा एका मुलाने लगेच साडेसात सेंटिमीटर दोरा कापून नकाशावर ठेवला. वर्तमानपत्रातील आकडा हातात धरता येतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

दिशेचा धडा याहून अवघड निघाला आणि त्याचे कारण भिंत होती. वर्गात नकाशा भिंतीवर टांगलेला असतो. म्हणून ‘उत्तर म्हणजे वर’ अशी मुलांची पक्की समजूत होते. इतरत्र ती समजूत उघडी पडत नाही, अकोल्यात पडते. अकोला शहरातून मोर्णा वाहते. दक्षिणेच्या उंच भागातून ती येते आणि उत्तरेकडे जाऊन पूर्णेला मिळते. भिंतीवरच्या नकाशात म्हणजे ती खालून वर चढते! पाणी वर कसे चढेल? एका मुलाने तर नदीचा बाणच उलटा काढला आणि नकाशा चुकल्याचे ठामपणे सांगितले. बाईंनी नकाशा भिंतीवरून उतरवला, पटांगणात जमिनीवर अंथरला आणि त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला जुळवली. मुले नकाशाभोवती उभी राहिली. नदी आता चढत नव्हती. पुलाखालून जशी वाहते तशीच कागदावर वाहत होती. त्या दिवसापासून त्या वर्गात नकाशा भिंतीवर टांगून शिकवला गेला नाही.

खरी उत्तर शोधायची कशी? होकायंत्र नव्हते, सूर्य होता. जमिनीत सरळ काठी रोवायची आणि तिच्याभोवती वर्तुळ काढायचे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे शिवते तेथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा शिवते तेथे दुसरी. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळते. ही शंकूची रीत भारतात फार प्राचीन. यज्ञवेदी आखणाऱ्यांच्या शुल्बसूत्रांतही ती आहे. मुलांना तिचे प्राचीनत्व कळले नाही तरी चालते. सूर्य रोज ठरल्या जागी येतो आणि त्याला विचारले तर तो दिशा सांगतो, एवढा विश्वास त्यांच्या मनात बसला की पुरे.

याच काठीतून एक सुंदर प्रयोग निघाला. बाईंची भाची अमरावतीच्या शाळेत होती. ठरले असे की दोन्ही शाळांत दोरीला दगड बांधून ओळंबा टांगायचा, त्याची सावली उत्तर-दक्षिण रेषेवर आली की घड्याळ पाहायचे आणि संध्याकाळी फोनवर वेळ सांगायची. अमरावतीचे रेखांश सुमारे पाऊण अंश पूर्वेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे अमरावतीची माध्यान्ह अकोल्याच्या साधारण तीन मिनिटे आधी व्हायला हवी. पहिल्या दिवशी फरक सात मिनिटांचा आला, दुसऱ्या दिवशी एका मिनिटाचा, तिसऱ्या दिवशी चारचा. मुलांनी सरासरी काढली, चार आली. एका मिनिटाची चूक राहिली. परंतु मामाच्या गावी सूर्य आधी डोक्यावर येतो आणि तो फरक सुतळी-दगडाने पकडता येतो, याचा आनंद त्या मिनिटापेक्षा कितीतरी मोठा होता. दोन्ही शहरांतील घड्याळे तर एकच वेळ दाखवतात. मग घड्याळाची वेळ कोणाची? भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची, हा पाठ करण्याचा मुद्दा अशा रीतीने एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मुलांपुढे आला.

अकोलेकरांना या बाबतीत एक वेगळे भाग्य लाभले आहे. ७७ अंश पूर्व रेखावृत्त त्यांच्या शहरातूनच जाते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांच्या मांडणीत ५५-डी आणि ५५-एच या दोन नकाशांची शिवण याच रेषेवर येते. आपल्या गावातून एक अदृश्य रेषा जाते आणि तिच्या एका बाजूचे घर एका कागदावर, तर दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या कागदावर पडते, याचे मुलांना अपार कौतुक वाटते. रेखावृत्त ही दूरच्या पुस्तकातील गोष्ट राहत नाही. तिला आपल्या शहराचा पत्ता मिळतो.

आणि वऱ्हाडच्या भूमीवरून यापेक्षाही मोठी एक रेषा गेली आहे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लँबटन यांनी आधाररेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. एक अंतर साखळीने नेमके मोजायचे, तेथून दूरच्या टेकडीचे कोन घ्यायचे, त्रिकोण पुरा करायचा आणि त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण उभारायचा, अशी माळ गुंफीत ते दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत राहिले. काम पुरे होण्याआधीच जानेवारी १८२३ मध्ये वर्धा नदीपलीकडे हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. तेथेच त्यांचे दफन झाले. पुढे हे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालवले. त्यांचेच नाव १८६५ मध्ये जगातील सर्वोच्च शिखराला मिळाले. या सर्वेक्षणाच्या दप्तरात एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरातील ‘टाकल खेडा’ या केंद्राचे नाव येते. तेथे ताऱ्यांचे वेध घेताना एव्हरेस्ट यांना शंका आली की ओळंबा अगदी सरळ लोंबत नाही. उत्तरेकडील सातपुड्याचा प्रचंड डोंगर त्याला किंचित आपल्याकडे ओढतो आहे.

ही हकिगत वर्गात सांगितली की पटांगणातील ओळंब्याकडे मुले वेगळ्या नजरेने पाहतात. जगाचा आकार मोजायला निघालेल्या माणसांकडे जी दोरी आणि जो दगड होता, तोच आपल्याही हाती आहे. मग तीच युक्ती करून ती शाळेसमोरच्या कडुनिंबाचे अंतर त्याच्याजवळ न जाता काढतात: दोन काठ्यांमध्ये मोजलेली रेषा, दोन टोकांकडून कंपासपेटीतील कोनमापकाने घेतलेले कोन आणि कागदावर प्रमाणात काढलेला त्रिकोण. पुठ्ठ्यावर टाचणी लावलेला कोनमापक काही अचूक यंत्र नव्हे. हातभर चूक निघतेच. परंतु जेथे पाय पोहोचत नाहीत तेथे बुद्धी कशी पोहोचते, हे त्या त्रिकोणात दिसते.

उंचसखलपणाचा धडा घमेल्यात होत असे. काळ्या मातीचा डोंगर करायचा, घमेल्यात दोन बोटे पाणी ओतायचे आणि पाण्याच्या कडेने काडीने रेघ ओढायची. पुन्हा दोन बोटे पाणी, पुन्हा रेघ. पाणी काढून वरून पाहिले की डोंगरावर समोच्च रेषा उमटलेल्या असतात. उतार जेथे तीव्र तेथे रेषा जवळ, जेथे मंद तेथे दूर. सुमारे अकराशे मीटर उंचीच्या चिखलदऱ्याला जाताना बस वळणे का घेते, हे त्या रेषांवरून मुलेच सांगू लागतात. एकदा हा डोंगर रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी त्याला भेगा पडल्या. मुलांना वाटले, प्रयोग बिघडला. बाईंना मात्र आयता धडा मिळाला: काळी माती ओलाव्याने फुगते आणि वाळली की आक्रसते, चैत्र-वैशाखात वऱ्हाडच्या शेतांत पाय अडकावा अशा भेगा याच कारणाने पडतात.

त्यानंतर मोठ्या परातीत अख्खा अमरावती जिल्हा तयार होई. उत्तरेला सातपुडा आणि मेळघाट, मध्ये पूर्णेचे सपाट खोरे, पूर्वेला वर्धा नदीकडे उतरणारी जमीन. झारीने पाऊस पाडला की पाणी दोन दिशांना फुटे. अचलपूर-दर्यापूरकडचे पाणी पूर्णेत, पूर्णेतून तापीत आणि सुरतेजवळ अरबी समुद्रात. तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगावकडचे पाणी वर्धेत, तेथून प्राणहितेमार्गे गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. एकाच ढगाचा एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो! वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा होईपर्यंत अकोला जिल्ह्याचीही हीच तऱ्हा होती. त्याच्या दक्षिण भागातील पाणी पैनगंगेने पूर्वेला जाई. ‘जलविभाजक’ हा जड शब्द परातीतील मातीच्या एका बोटभर उंचवट्यावर मुलांनी बोट ठेवून शिकला. आपण उभे आहोत ती जागा कोणत्या समुद्राची, हा प्रश्न नंतर त्यांनी घरी जाऊन आजोबांनाही विचारला.

इतके सारे झाल्यावर भूगोल गोड वाटू लागतो, एवढाच लाभ असता तरी तो थोडा नव्हता. परंतु एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी जो अभ्यास दिला, त्याने या विषयाची खरी किंमत दाखवली. प्रत्येकाने आजोळच्या किंवा आपल्या गावाच्या विहिरीची माहिती आणायची होती. गावाचे नाव, जवळची नदी, विहीर किती हात खोल, पाणी गोड की खारे, उन्हाळ्यात टिकते की आटते, आणि शेवटच्या रकान्यात कारण. बहुतेकांनी शेवटचा रकाना रिकामा सोडला. दर्यापूरकडच्या खेड्यातून मामाकडे शिकायला आलेल्या एका मुलीने तो भरला होता. तिने लिहिले होते: ‘पाणी खारे. कारण, आईचा पायगुण.’

चौकशी केल्यावर उलगडा झाला. तिची आई लग्न होऊन आली त्या वर्षी शेतात विहीर खोदली, पाणी खारे लागले. पुढे पानाड्याला बोलावून दुसरी जागा पाहिली, कर्ज काढून दुसरी विहीर खोदली, तीही खारी. तेव्हापासून घरात पाण्याचा विषय निघाला की आजी सुनेकडे बोट दाखवी. मुलीने हे जन्मापासून ऐकले होते. तिच्या दृष्टीने ते कारणच होते. सूर्य पूर्वेला उगवतो, तसेच एक सत्य.

बाईंनी तिला काही समजावले नाही. घरातील वडीलधाऱ्यांविरुद्ध त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी दोन-तीन वर्गांचे सगळे तक्ते एकत्र केले आणि अकोला-अमरावतीचा मोठा नकाशा जमिनीवर अंथरला. गोड पाण्याच्या गावावर निळी टिकली, खाऱ्या पाण्याच्या गावावर लाल. मुले एकेक करून आपापल्या गावावर टिकली लावू लागली. सातपुड्याच्या पायथ्याशी निळ्या टिकल्या जमल्या. दक्षिणेला पातूर-बार्शिटाकळीच्या खडकाळ भागातही निळ्या. पण त्यांतल्या अनेकांपुढे ‘उन्हाळ्यात आटते’ अशी नोंद. आणि मधोमध, पूर्णेच्या दोन्ही बाजूंनी, पूर्वेकडून पश्चिमेकडे लाल टिकल्यांचा लांबच लांब पट्टा उमटत गेला.

त्या मुलीने आपली लाल टिकली लावली आणि ती बराच वेळ नकाशाकडे पाहत उभी राहिली. मग तिने विचारले, “बाई, एवढ्या साऱ्या गावातल्या साऱ्याच मायचा पायगुन खराब कसा राहीन?”

वर्गातील कोणी हसले नाही. बाईंनी तेव्हा खारपाणपट्ट्याची गोष्ट सांगितली. पूर्णेचे खोरे नदीने युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाने खोलवर भरलेले आहे. त्या गाळात क्षार आहेत. जमिनीला उतार इतका थोडा की पाण्याचा निचरा नीट होत नाही. म्हणून भूजल खारे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीच्या धरणाचे पाणी नळाने कितीतरी खेड्यांना न्यावे लागते, ते यासाठीच. मुलीने आपल्या वहीत तो नकाशा टिकल्यांसकट उतरवून घेतला आणि सुट्टीत घरी नेला. आजीने तो मानला की नाही, हे सांगणे कठीण. पण तो धान्याच्या कोठीजवळच्या भिंतीवर चिकटवला गेला, आणि तिसऱ्या विहिरीसाठी पैसे उभे करण्याआधी तिच्या वडिलांनी पाण्याची तपासणी करून घेतली. विहिरीऐवजी शेततळे झाले. त्यात साठते ते पावसाचे पाणी, आणि पाऊस कोणाच्याही पायगुणाने खारा होत नाही.

नकाशाने येथे जे केले, ते उपदेशाने झाले नसते. एकट्या घराचे दुःख नशीब वाटते. तेच चाळीस गावांत मांडले की त्याचे कारण शोधता येते. एका बाईवरचा निष्कारण आळ लाल-निळ्या टिकल्यांनी पुसला, यापरते भूगोलाचे सार्थक कोणते?

हाताने शिकण्याचा हा विचार वऱ्हाडला परका नाही. वर्धा नदी ओलांडली की ऑक्टोबर १९३७ मध्ये जेथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली ते वर्धा लागते. तेथूनच नयी तालीमचा विचार देशापुढे आला. हातातील काम, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज यांतून ज्ञान उमलावे, हे त्याचे सूत्र होते. बालशिक्षणाला आयुष्य वाहिलेल्या ताराबाई मोडक विवाहानंतर अमरावतीतच राहत होत्या. पुढे कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली. मुले गुरे चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यावी, असा तो साधा आणि धाडसी विचार. सुतळी आणि घमेले घेऊन पटांगणात उतरणारी प्रत्येक शिक्षिका त्याच वाटेने चालत असते.

जैन घरांतील मुलांना नकाशाचे एक मर्म समजणे तर सोपे जावे. एकाच अमरावती जिल्ह्याचे प्राकृतिक, राजकीय, पर्जन्याचे आणि मृदेचे असे निरनिराळे नकाशे असतात. प्रत्येक खरा, पण एकेका दृष्टीपुरता. पूर्ण सत्य एकातही नाही. अनेकांताचा जो विचार प्रवचनात कानी पडतो, तो नकाशांच्या पुस्तकाची पाने उलटताना डोळ्यांना दिसतो. मुक्तागिरीची यात्रा याचे चांगले उदाहरण आहे. परतवाड्याहून निघालेले वऱ्हाडी यात्रेकरू ते क्षेत्र आपलेच मानतात. राजकीय नकाशा मात्र ते मध्य प्रदेशाच्या बैतूल जिल्ह्यात दाखवतो. प्राकृतिक नकाशात दोन्हीकडे एकच सातपुडा आहे. यात्रेला निघण्यापूर्वी मुलाने हे तीनही नकाशे पाहिले, तर डोंगर चढताना त्याचे डोळे नुसते पायऱ्या मोजणार नाहीत.

शाळेवर सारे सोपवून चालणार नाही. घरही यात पुष्कळ करू शकते. स्वयंपाकघरातील डबे काढावेत आणि मुलांसह नकाशावर शोधावे: तूरडाळ अकोल्याच्या गिरणीतील, संत्री वरुड-मोर्शीची, विड्याची पाने अंजनगाव सुर्जीची, मीठ गुजरातच्या किनाऱ्याचे, चहा आसामचा, वेलदोडे केरळातले. एका जेवणामागे किती प्रदेशांतील माणसांचे श्रम आहेत, हे कळले की ताटात अन्न टाकवत नाही. पेढीवरच्या आजोबांनी जुन्या काळी सरकी आणि गाठी कोणत्या स्टेशनावर चढत, मूर्तिजापूरहून अचलपूर-यवतमाळकडे जाणारी अरुंद रुळांची शकुंतला गाडी कोठे थांबे, हे नातवंडांना नकाशावर दाखवावे. मेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास या दोन्ही शहरांत भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते. सुट्टीच असते, गच्चीवर एक पेला पालथा ठेवून ते मुलांना दाखवायला पैसाही लागत नाही.

मोबाइलवर निळा ठिपका ‘तुम्ही येथे आहात’ असे सांगतो, मग हा खटाटोप कशाला, असे काही पालक विचारतात. ठिपका जागा सांगतो. त्या जागेचा अर्थ सांगत नाही. पुढे हीच मुले शेताच्या मोजणीचा नकाशा हाती घेतील, घर घेण्याआधी नाल्याची पूररेषा पाहतील, धरणाच्या किंवा रस्त्याच्या आराखड्यात आपले गाव शोधतील. भावाभावांत बांधावरून वाद होईल, तेव्हा गटाच्या नकाशावरील प्रमाण ज्याला वाचता येते त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. पतीच्या मागे सातबारा आणि मोजणीची नक्कल हाती घेऊन कचेरीत उभ्या राहिलेल्या स्त्रीला तर हे अक्षरज्ञानाइतकेच मोलाचे आहे.

ठशाने उमटवलेला महाराष्ट्र परीक्षेपुरता उपयोगी पडतो आणि निकालानंतर पुसट होतो. सुतळीने मोजलेली गल्ली, सावलीने शोधलेली उत्तर आणि टिकल्या लावून उभा केलेला आपल्या गावाचा नकाशा मुलाजवळ राहतो. ते पुढे पुण्याला जावो की परदेशी, नव्या गावात उतरल्यावर ते आधी विचारील, ‘येथले पाणी कोठून येते आणि कोठे जाते?’ ज्याला हा प्रश्न सुचतो, त्याचा भूगोल पक्का झाला असे समजावे.